मंजुरी वरच्याला, पाणी खालच्याला

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस तमक्याचा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस ओढा. त्याच जमिनीचे प्लॉट पाडायचे म्हणून रेखांकन, म्हणजे लेआउट, मंजुरीला जातं, तेव्हा नगररचना खात्याची नजरही या चार रेषांच्या आतच फिरते. आतला रस्ता पुरेसा रुंद आहे का, मोकळी जागा दहा टक्के सोडली का, समास अंतरं (हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायची जागा) बसतात का, एफएसआयचा (जमिनीच्या मानाने किती बांधकाम चालतं त्याचा) हिशोब जुळतो का. हे सगळं तपासायलाच हवं. पण पावसाळ्यात या जमिनीवरून किती पाणी निघेल, कुठल्या कोपऱ्यातून निघेल आणि कुणाच्या दारात जाईल, हे कुणी विचारत नाही. फार तर ड्रेनेज विभागाचा ना हरकत दाखला जोडलेला असतो. त्यात पाइपचा व्यास सापडतो, पाण्याचा हिशोब सहसा सापडत नाही.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येईल. रेखांकनामुळे जमिनीबाहेर जाणाऱ्या पाण्याचा लोंढा वाढणार नाही, ही मंजुरीची पहिली अट असली पाहिजे. आणि ते पाणी ज्याच्याकडे जाणार आहे, त्याचं म्हणणं मंजुरीआधी ऐकलं पाहिजे, भिंत पडल्यावर नाही.

आधी हिशोब करू, म्हणजे बाकीचा वाद जमिनीवर राहील. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर शेत घ्या. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुण्यात परतीच्या पावसात किंवा वळवाच्या सरीत हे काही नवलाचं नाही. त्या शेतावर सहा लाख लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. नांगरलेली जमीन, गवताचे बांध, मधे एखादी खोलगट जागा असेल तर त्यातलं साधारण तीस टक्के पाणी वाहून बाहेर येतं असं धरू: अठरा टँकर. आता तिथे प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, घरांवर स्लॅब आले, पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसले. मग ऐंशी टक्के पाणी बाहेर येतं: अठ्ठेचाळीस टँकर. माती कुठली, उतार किती, आधीच्या आठवड्यात पाऊस किती झाला यावर हे टक्के कमीजास्त होतील, पण अंदाज फार चुकणार नाही. म्हणजे आकाशातून थेंबही जास्त न पडता खालच्या माणसाकडे तीस टँकर जास्तीचं पाणी आलं, तेही एका तासात.

त्यातही घातक आहे तो वेग. शेतातलं पाणी ढेकळांतून, गवतातून, चरातून रमतगमत ओढ्याला पोचायचं. लेआउटमधलं पाणी उतारावरच्या सिमेंटच्या रस्त्यावरून काही मिनिटांत खाली येतं. एकाच उतारावर असे दहा लेआउट असले की दहांचा लोंढा एकाच वेळी एकाच मोरीशी येऊन थडकतो. ती मोरी कधीकाळी बैलगाडीच्या रस्त्याखाली टाकलेल्या दोन ह्यूम पाइपची असते. पाइपच्या तोंडाशी प्लास्टिक, नारळाच्या झावळ्या, एखादी फाटकी गादी. पुढचं वर्णन करायची गरज नाही, प्रत्येक शहराच्या कडेला राहणाऱ्याने ते पाहिलेलं आहे.

मुंबईच्या अभियंत्यांनी हे फार पूर्वी मान्य केलं. तिथली जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून येईल असं गृहीत धरून बांधलेली होती. पावसाळी गटारांवरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने पावसाचा आकडा ५० मिलिमीटर केला आणि जवळपास सगळंच पाणी वाहून येणार असं धरलं. शहर इतकं सिमेंटचं झालंय की जमीन काही पिणार नाही, असा त्याचा अर्थ. तो अहवाल बराच काळ फडताळात राहिला आणि २६ जुलै २००५च्या पुरानंतर सगळ्यांना आठवला. पण मुंबईत तेव्हा मोकळी जमीन उरलेलीच नव्हती. पुण्याच्या कडेला वाघोली, पिसोळी, उंड्री, आंबेगाव, सूस, म्हाळुंगे इथे ती अजून थोडी आहे. म्हणून तिथल्या मंजुरीबद्दल आत्ता बोलायचं.

पुण्यात या विषयाची एक तारीख आहे: २५ सप्टेंबर २०१९. त्या रात्री कात्रजच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, दांडेकर पुलाचा परिसर, सगळीकडे रात्रीतून पाणी शिरलं, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. ही नदी नव्हती. धरणातून पाणी सोडलं म्हणून आलेला पूरही नव्हता, जसा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत आला. हे शहराच्याच उतारावर पडलेलं आणि शहरातूनच वाहिलेलं पाणी होतं. पाऊस असामान्य होता हे खरंच. पण वरच्या बाजूला भराव घातलेले, अरुंद केलेले, भिंतींमध्ये कोंडलेले ओघळ काही पावसाने केलेले नव्हते.

आंबिल ओढ्याला माणसाने हात लावला तो काही अलीकडेच नव्हे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी हा ओढा वळवला. त्याआधी तो आजच्या पेठांमधून जात असे. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी या ओढ्याच्या पाण्यावर तळं बांधलं गेलं आणि वर कात्रजलाही तलाव झाले. ओढा हलवायचा तर त्याला थांबायला जागा द्यायची, एवढं त्या कारभाराला कळत होतं. पर्वतीच्या तळ्याचं पुढे सारसबाग झालं. आपण आता ओढा हलवतो तेव्हा त्याला पाइप देतो.

आणि हलवणं नियमात बसतं. २०२०च्या डिसेंबरपासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत (सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात) नाल्यापासून ठराविक अंतरात बांधकाम नको असं म्हटलंय. पण सोबत एक पोटनियम आहे. सखल जमिनीतून जाणाऱ्या, स्पष्ट काठ नसलेल्या छोट्या प्रवाहाला आखून दिलेल्या मार्गाने आणि आखून दिलेल्या रुंदीत वळवायची परवानगी देता येते. अट एकच: प्रवाह जमिनीत जिथून शिरतो आणि जिथून बाहेर पडतो ती ठिकाणं बदलायची नाहीत. म्हणजे शिरण्याची जागा तीच, निघण्याची तीच, मधे काय वाटेल ते. कागदावर हे निर्दोष दिसतं. जमिनीवर त्याचा अर्थ असा होतो की चाळीस-पन्नास फूट पसरून, गवतातून मंद वाहणारं पाणी आता सात-आठ फुटांच्या सिमेंटच्या पन्हाळीतून सुसाट निघतं आणि त्याच जुन्या ठिकाणी खालच्या माणसाच्या हद्दीत आदळतं. निघण्याची जागा बदलली नाही, वेग बदलला. वेगाबद्दल ही अट काही बोलत नाही.

शिवाय हे सगळं नकाशावर दिसणाऱ्या प्रवाहाबद्दल झालं. गावनकाशे महसुलासाठी काढलेले आहेत. त्यांत मोठा ओढा असतो, पण डोंगराच्या कुशीतले पावसाळ्यापुरते वाहणारे ओघळ बहुतेकदा नसतात. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर जे नाही ते फायलीत नाही, आणि फायलीत नाही ते अधिकाऱ्यासाठी अस्तित्वात नाही. जेसीबीला असा ओघळ बुजवायला एक दुपार पुरते. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडून सपाट केलेल्या जमिनीवरून पाण्याचा लोंढा थेट पुणे-सातारा महामार्गावर आला आणि एक माय-लेक वाहून गेल्या. हमरस्त्यावर, गाडीतून जाताना. तेव्हा चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले, आणि डोंगरउतारावरचं प्लॉटिंग चालू राहिलं.

पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. ती रेखांकनातल्या मोकळ्या जागांना आणि ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांना लागू होते. आता कुठलंही प्लॉटिंगचं जाहिरातपत्रक काढून बघा. दीड गुंठा, दोन गुंठे, अडीच गुंठे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांखालचा प्रत्येक प्लॉट या सक्तीतून सुटला. एकत्र असताना जी जमीन नियमाच्या पट्ट्यात होती, ती तुकडे पडल्याबरोबर बाहेर गेली, आणि तुकडे पाडण्याची परवानगी त्याच कार्यालयाने दिली. मोठ्या गृहप्रकल्पांना २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या पुढे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि तिथे निदान पावसाळी पाण्याचा काही हिशोब मांडावा लागतो. बंगलो प्लॉटच्या रेखांकनात बांधकाम शंभर वेगवेगळे मालक शंभर वेळा करतात. त्यांची बेरीज कुणीच करत नाही. पाणी मात्र बेरजेनेच येतं.

आणि जिथे शोषखड्डे आहेत तिथेही त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. आपल्याकडे वरवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तासाला ६० मिलिमीटरच्या पावसात बोअरशेजारचा खड्डा बघता बघता तुडुंब भरतो आणि मग पाणी त्याच्यावरून निघून जातं. उन्हाळ्यात बोअरला पाणी राहावं म्हणून ते खड्डे हवेतच. पूर रोखायचं काम वेगळं आहे: पाणी जिरो न जिरो, त्याला चार तास थोपवून धरायचं आणि हळूहळू सोडायचं. नियमावलीने पहिलं काम सांगितलंय, दुसरं सांगितलेलं नाही.

गंमत अशी की शेतकऱ्यासाठी आपल्या जुन्या कायद्यांनी या प्रश्नाचा बारीक विचार केलेला आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात उदाहरण म्हणून दिलंय की वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेलं पाणी खालच्या मालकाने नैसर्गिकरीत्या वाहू दिलं पाहिजे. म्हणजे वरच्याचा हक्क आहे, पण तो निसर्गतः येणाऱ्या पाण्यापुरता. स्लॅबवरून गोळा करून पाइपने सोडलेल्या पाण्यापुरता नाही. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याने शेत, गवत, झाडं, पिकं यांखालच्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला तर तो काढून टाकायचे अधिकार तहसीलदाराला दिले. बांधावरून होणारी भांडणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतात, आणि त्यातली बरीचशी पाण्याचीच असतात. ती सोडवायला निदान तालुक्याच्या गावी एक दार होतं.

जमीन बिनशेती झाली की ते दार बंद होतं. त्या कायद्याचा आधार शेतीच्या जमिनीला, आणि तोही बेकायदा अडथळ्याविरुद्ध. इथे तर अडथळा मंजूर नकाशावर आहे, सही-शिक्क्यानिशी. खालच्या बाजूला ज्याचं चार खोल्यांचं घर आहे त्याने दाद मागायची कुठे? दिवाणी न्यायालयात. म्हणजे पहिल्या पावसात भिंत पडली तर निकाल लागेपर्यंत बरेच पावसाळे जातील. गंमत कसली, हा उलटा प्रवास आहे: पाणी दुपटीहून जास्त झालं तेव्हाच ते अडवायची सोपी वाट गेली.

आमच्याकडे एका उतारावर वरच्या सोसायटीच्या सीमाभिंतीला खालून ओळीने भोकं ठेवलेली आहेत. पाणी साचून भिंतीवर दाब येऊ नये म्हणून ती ठेवणं बरोबरच आहे, अभियांत्रिकीचं पुस्तक तेच सांगतं. पण त्या भोकांची तोंडं कुठे उघडतात? पलीकडच्या चाळीच्या मागच्या बोळात, जिथे बायकांच्या धुण्याच्या दगडी आहेत. पावसाची मोठी सर आली की भिंतीतून डझनभर नळ सुटल्यासारखं पाणी येतं. चाळीतल्यांनी काही भोकं सिमेंट कोंबून बुजवली. मग वरच्यांनी माणूस पाठवून ती पुन्हा उघडली. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि हेच या सगळ्याचं दुखणं आहे. भिंत धोक्यात घालायची की बोळ, हा प्रश्न त्यांच्यावर सोडायला नको होता. तो रेखांकन तपासताना सुटायला हवा होता. जून २०१९ मध्ये कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा माणसं गेली, तेव्हाही वर पार्किंग होतं, खाली बांधकामाची जागा होती आणि मधे पावसाने भिजलेली माती.

आता ऐकून घेण्याबद्दल. विकास आराखडा तयार होतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती-सूचना मागवतात, सुनावण्या होतात. पण त्याच कायद्याखाली एखाद्या जमिनीचं रेखांकन मंजूर करताना शेजाऱ्याला कळवायचीसुद्धा गरज नाही. अर्जदार आणि कार्यालय, बस. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर नियमात बसणारी परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे. दिरंगाईला चाप म्हणून ती योग्यच. मंजूर झालेलं रेखांकन नंतर महारेराच्या, म्हणजे घर-प्लॉटच्या ग्राहकांसाठी असलेल्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बघायला मिळतं, तेही चांगलं. पण ते ग्राहकासाठी, म्हणजे आत येणाऱ्यासाठी. खाली राहणाऱ्याला कळतं तेव्हा दारात रोलर फिरत असतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये हे वेगळ्या रीतीने होतं. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींच्या घरी अशी पत्रं आलीही असतील. गावाचं नियोजन मंडळ असतं. कुणी जमिनीचे प्लॉट पाडायला निघाला की वर्तमानपत्रात सूचना येते, लगतच्या मालकांना टपालाने नोटीस जाते आणि जाहीर सुनावणी होते. तिथे आलेला एखादा म्हातारा सांगतो की या कोपऱ्यात एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की घोट्यापर्यंत पाणी असतं, आणि ते नोंदवलं जातं. अर्जदाराचा अभियंता जो हिशोब देतो तो तपासायला गाव आपला अभियंता नेमू शकतं आणि त्याची फी अर्जदाराकडून घेतं. राज्याच्या पावसाळी पाण्याच्या मानकांत एक मानक सरळ म्हणतं की बांधकामानंतर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कमाल लोंढा, म्हणजे सेकंदाला किती पाणी निघतं तो आकडा, आधीपेक्षा जास्त असता कामा नये.

हे सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. तिथल्या सुनावण्यांचा गैरवापरही होतो. ज्यांची घरं झाली ते नव्याने येऊ पाहणाऱ्यांना रोखायला पाणी, वाहतूक, झाडं, शाळा असं काहीही पुढे करतात, आणि त्या राज्यात घरं परवडेनाशी होण्यात याचाही वाटा आहे. आपल्याकडे सुनावणी ठेवली तर तिथे पाण्यापेक्षा पाकिटाचं बोलणं जास्त होईल, हरकत घेणं हा एक जोडधंदा होईल, ही भीती मला पोकळ वाटत नाही. माहितीच्या अधिकाराचा असा धंदा करणारे आपण पाहिलेत. म्हणून सुनावणीची चौकट अरुंद हवी. विषय फक्त पाणी. हरकत घेणाऱ्याने जागा दाखवायची, पाणी कुठून येतं ते सांगायचं, जुने फोटो असतील तर द्यायचे. त्याला नकाराधिकार नाही. नियमात बसणारा आराखडा नाकारता येत नाही, हे तत्त्व मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातही आहे आणि ते ठेवलंच पाहिजे. पंधरा दिवसांची मुदत साठ दिवसांत आरामात बसते. पाणी वाहतं कुठून हे त्या उतारावर तीस वर्षं राहिलेल्या बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरला नसतं. तिची साक्ष फुकट मिळते आहे, ती घ्या.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे, आणि बिल्डरांपेक्षा तो साध्या माणसाच्या बाजूचा आहे. नियम जेवढे कडक, तेवढी मंजूर जमीन महाग, आणि जमीन महाग झाली की माणूस गुंठेवारीकडे जातो. तिथे ना रेखांकन, ना रस्ता, ना गटार. सात-बारावर सामायिक नाव आणि स्टँपपेपरवरचा करार. नागपूरला तर नियमित करायच्या लेआउटची यादीच शेकड्यांत आणि हजारांत मोजायची पद्धत पडली आहे. सरकार २००१ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा करतं, २०२१ला त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची गुंठेवारी आत घेतं, आणि प्रत्येक जण पुढच्या तारखेची वाट बघतो. मग जो कायद्याने मंजुरीला येतो त्याच्यावरच नवं ओझं का घालायचं?

याला उत्तर द्यायचं तर ओझं किती हे बघावं लागेल. आपलं एक हेक्टरचं रेखांकन पुन्हा घ्या. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणजे इथे १,००० चौरस मीटर. ती जागा आज कुठे सोडतात? प्लॉट पाडून उरलेल्या वाकड्या कोपऱ्यात, बऱ्याचदा उंचावर, कारण तिथे प्लॉट नीट बसत नाही. तीच जागा जमिनीच्या सर्वांत सखल टोकाला घ्यायला लावा आणि ती आजूबाजूपेक्षा फूट-दीड फूट खोल ठेवा. मघाचं जास्तीचं पाणी होतं तीस टँकर, म्हणजे ३०० घनमीटर. १,००० चौरस मीटरवर ते पसरलं तर एक फूट उंची होते. संपलं. सगळं जास्तीचं पाणी आधीच सोडाव्या लागणाऱ्या जागेत मावलं. एकही प्लॉट कमी झाला नाही. खर्च खोदाईचा, उतारावर गवत लावण्याचा आणि टोकाला एका बारक्या तोंडाच्या मोरीचा, जिच्यातून पाणी शेताच्या जुन्या चालीनेच बाहेर पडेल. वर्षातले पाच-सात दिवस काही तास पाणी उभं राहील, बाकी दिवस पोरं तिथेच क्रिकेट खेळतील. डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. इथे ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलेलं असलं पाहिजे. नसेल तर मोरी तुंबली आहे.

मोरी तुंबणार हे मात्र नक्की. आपल्याकडे बांधलेल्या गोष्टी बिघडत नाहीत, बेवारस होतात. प्लॉट विकून विकासक निघून जातो, प्लॉटधारकांची संस्था झालेली नसते, महापालिका म्हणते मोकळी जागा अजून आमच्या ताब्यात नाही. तीन-चार वर्षांत त्या खोलगट जागेत राडारोडा पडतो, मग सपाटीकरण, मग पत्र्याचं शेड आणि पाठीमागे भल्यामोठ्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. म्हणून ही जागा अंतिम रेखांकनाच्या मोजणी नकाशावर पातळीसकट नोंदवली गेली पाहिजे: तळाची उंची एवढी, मोरीचं तोंड एवढं. नंतर भराव पडला तर तो दिसेल, आणि हटवायला नव्याने पुरावा गोळा करावा लागणार नाही.

गुंठेवारीलाही हेच लावता येतं. नियमित करताना विकास शुल्क घेतलंच जातं. त्यातला हिस्सा त्याच उतारावर, त्याच ओढ्यावर पाणी थोपवायला खर्च व्हावा. तिथल्या लोकांनी मोकळी जागा सोडली नाही ही चूक खरी, पण तिथे राहणारे बहुतेकदा रिक्षावाले, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका असतात आणि तुंबलेलं पाणी पहिलं त्यांच्याच घरात शिरतं. आंबिल ओढ्याच्या कहाणीत जून २०२१ मध्ये प्रवाह मोकळा करायचा म्हणून घरं पाडली गेली ती दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली. पावसाळ्याच्या तोंडावर, करोनाच्या काळात. वर ज्या मंजुऱ्यांनी पाण्याचा लोंढा वाढवला त्यांच्यापैकी कुणाला आपल्या पार्किंगमधला एक पेव्हर ब्लॉक तरी काढावा लागला का?

एक अडचण मंजुरी देणाऱ्यांच्या हद्दीची. पुण्याच्या भोवतालची अकरा गावं २०१७ला आणि तेवीस गावं २०२१ला महापालिकेत आली. त्याआधीच्या मंजुऱ्या वेगळ्या कार्यालयांच्या, वेगळ्या काळातल्या नियमांच्या. वरच्या डोंगरावर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मधे महापालिका, काठावर कटक मंडळ (कँटोन्मेंट), ओढा मात्र एकच. प्रत्येक रेखांकनाने आपल्यापुरतं पाणी थोपवलं तरी सगळ्यांनी एकाच वेळी ते सोडलं तर खाली लोंढा जमायचा तो जमतोच, ही अभियंत्यांची शंका रास्त आहे. त्यासाठी ओढ्याच्या पूर्ण पाणलोटाचा एकच हिशोब हवा आणि प्रत्येक नवी मंजुरी त्याच्यासमोर मांडून बघायला हवी. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाची पावसाळी गटारांची संहिता २०१९ला आली, तिच्यात हिशोबाच्या रीती आहेत. सूत्रं कमी पडलेली नाहीत.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायलाही नको. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी अटींसह देता येते, आणि आपली मंजुरीची पत्रं अटींनी भरलेलीच असतात: झाडं लावा, फलक लावा, मजुरांसाठी सोय करा, राडारोडा अमुक ठिकाणी टाका. त्या यादीत आयुक्तांनी आणखी एक घालावी. अर्जदाराने जमिनीत पाणी शिरण्याच्या व निघण्याच्या सर्व जागा, नकाशावर नसलेल्या ओघळांसह, दाखवाव्यात; रेखांकनापूर्वीच्या व नंतरच्या वाहत्या पाण्याचा हिशोब सादर करावा; वाढणारं पाणी सर्वांत सखल भागातील मोकळ्या जागेत थोपवावं; हा तपशील खालच्या बाजूच्या सर्व लगतच्या धारकांना लेखी कळवून त्यांच्या हरकतींसह फाइल पुढे पाठवावी; आणि त्या जागेची पातळी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय अंतिम रेखांकनास मंजुरी देण्यात येऊ नये.